मधली सीट

गाडीपासून मोजपट्टीला काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे घोळ नको. त्याला मिळायची होती त्याची लेक. तेवीस वर्षांची, एकुलती एक, आणि सत्तर किलोमीटरवरच्या औषधांच्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागलेली. हजर व्हायचं पहिल्या तारखेला, सोमवारी. तिकडे तिने एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती: एक खिडकी, एक कपाट, स्वतःची किल्ली. त्या किल्लीने बापाची झोप उडवली. मग एकदा जेवताना लेक सहज बोलून गेली, "दारात भरवशाची गाडी असती तर रोज येऊन-जाऊन केलं असतं मी." ती बोलली सहज, मोजपट्टीने मात्र ते सही-शिक्क्यासकट दाखल करून घेतलं. तारखेच्या आत गाडी, आणि गाडीच्या बदल्यात रोज संध्याकाळी टेबलावर तिसरं ताट. त्याच्या मते सौदा इतका फायद्याचा होता की गाडीची किंमत त्यात धरायचंसुद्धा कारण नव्हतं.

मोजपट्टी हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. तो विम्याचा सर्वेअर. ठोकलेल्या गाडीचं नुकसान किती, हे ठरवायचा त्याचा धंदा, आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली स्टीलची टेप हे त्याचं हत्यार. कोणाला लागलं का हे विचारायच्या आधी तो पत्र्याला पडलेला खड्डा मोजतो, म्हणून गॅरेजवाल्यांनी त्याला हे नाव ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्याला रागही आला नाही. माणसं जबाब बदलतात, खड्डा बदलत नाही, असं त्याचं म्हणणं.

तर अशा माणसाने गाडी घ्यायची म्हणजे काय होणार? एक्केचाळीस मुद्द्यांचा तक्ता झाला. उंच बसायची, पण गल्लीत मावणारी अशी छोटी एसयूव्ही हवी, इथवर घरात एकमत होतं. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या निवडल्या: लाल, पांढरी, राखाडी. तिन्हींची टेस्ट ड्राइव्ह एकाच मापाने व्हायची. तोच रस्ता, तोच वेग, चाकांत तेवढीच हवा, तीच माणसं आणि त्याच जागा. चालवणार तो. शेजारी बायको, कारण सेल्समन शेजारी बसला की बोलतो. सेल्समन मागे डावीकडे. आणि मागे उजवीकडे, बापाच्या पाठीमागे, लेक.

"बाबा, चालवायची मला आहे ना?" लेक म्हणाली.

"आधी मी निष्कर्ष काढतो. मग तू चालव."

"म्हणजे लग्न माझं आणि घोड्यावर तू."

"अहो, पोरीला एक फेरी तरी मारू द्या," बायको म्हणाली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवायची. आयुष्यभर कार्डं लावल्यामुळे नवऱ्याचा तक्ता तिने कधी मनावर घेतला नव्हता.

"तक्त्यात तसं नाही," मोजपट्टी म्हणाला, आणि विषय मिटला.

मधल्या सीटसाठी त्याने मेहुण्याला नेमलं होतं. मेहुणा म्हणजे सहा फूट आणि त्यातले तीन फूट गुडघे. या गाड्यांना पाच सीटांची म्हणायचं आणि पाचव्याला पोत्यासारखं कोंबायचं, ही मोजपट्टीच्या मते सगळ्या धंद्याची मिळून केलेली फसवणूक होती, आणि ती मेहुण्याच्या गुडघ्यांनी उघडी पाडायची होती. पण शनिवारी पहिल्या शोरूममध्ये फॉर्म भरत असताना फोन आला. "भाऊजी, माफ करा, पाठीत उसण भरलीय. आज काही जमत नाही."

तोवर फॉर्मवर 'एकूण प्रवासी' पुढे ५ लिहून झालं होतं.

"चार करू का, सर?" सेल्समनने विचारलं. हा गोल चेहऱ्याचा, गोल बोलणारा, गळ्यात पोटापर्यंत न पोचणारा टाय.

"खाडाखोड नको. खाडाखोड झालेल्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही. आणि गाडी पाचाची म्हणून विकताय ना तुम्ही? मग राहू द्या पाच."

गोल माणसाने खांदे उडवले. लेकीने आईकडे बघितलं. आईने डोळे मिटून मान हलवली, की सोड.

लाल गाडी शोरूमच्या आवारातून बाहेर पडली आणि वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. डॅशबोर्डवर पाच सीटांची छोटी आकृती होती. त्यात चार खुणा हिरव्या, आणि मागची मधली लाल.

"मध्ये बॅग ठेवलीत का कोणी?" मोजपट्टीने विचारलं.

"काही नाही सर, सेन्सर जरा हळवा असतो," सेल्समन म्हणाला. त्याने मधला बेल्ट ओढला आणि रिकाम्या सीटवरून खटकन अडकवला. आवाज थांबला.

मोजपट्टीने गाडी बाजूला घेतली, ब्रेक लावला आणि मागे वळला.

"बेल्ट कोणाला लावलात?"

"कोणाला नाही सर. आवाज बंद व्हावा म्हणून."

"मी असल्या बकलांचे फोटो काढतो, साहेब. काच फुटलेली असते, सीटवर चपला पडलेल्या असतात आणि बकल मात्र नीट लावलेलं. गाडी फसवायची सवय लावता तुम्ही माणसांना. काढा तो."

बेल्ट सुटला. पुढची अठरा मिनिटं गाडी वाजत राहिली, आणि मोजपट्टी दातावर दात ठेवून एकेक मुद्दा तपासत राहिला. चढ, खड्डे, अचानक ब्रेक, उलट घेणं. मधल्या मुक्कामाला, म्हणजे रस्त्याकडेच्या झाडाखाली, तो टेप घेऊन मागचं दार उघडायला गेला आणि थबकला. लेक एका दाराला चिकटून बसली होती, सेल्समन दुसऱ्याला. गुडघे दारांवर टेकलेले, खांदे आखडलेले.

"अशा काय बसलात? मध्ये एवढी जागा पडलीय."

"कुठे जागा आहे?" लेक म्हणाली. मग तिने स्वतःच मध्ये बघितलं. सेल्समनही बघून कसनुसा हसला. सरकलं मात्र दोघांपैकी कोणी नाही.

मोजपट्टीने दोघांमधलं अंतर मोजलं. पंधरा इंच. 'मधली सीट: एका मध्यम बांध्याच्या माणसाला पुरेशी,' असं त्याने तक्त्यात लिहिलं. ब्रोशर खोटं ठरलं नाही याचं त्याला थोडं वाईटच वाटलं.

संध्याकाळी कंपनीचा संदेश आला. आपण आणि आपले चार सहप्रवासी, सर्वांचे आभार. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. एक ते पाच गुण द्यावेत. मोजपट्टीने बेल्टच्या आवाजाबद्दल दीड पानाची तक्रार लिहिली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, की आपली तक्रार वाचून आम्हाला आनंद झाला.

"आनंद झाला," तो रात्री झोपेपर्यंत म्हणत होता. "यांना आनंद झाला."

रविवारी पांढरी गाडी. हे शोरूम तळघरात, वर नुसता काचेचा दरवाजा आणि खाली उतरणारा जिना. इथे सेल्सवाली बाई होती, कडक इस्त्रीची, कानात फोनची वायर, हातात पॅड. मोजपट्टीने फॉर्म ओढला आणि ५ लिहिलं.

"सर, चौघं आहात."

"तुमच्यासह."

"माझ्यासहच म्हणतेय. चार."

"काल पाच लिहिलंय. आज चार लिहिलं तर रकाना बदलतो, आणि रकाना बदलला तर तुलना मोडते. पहिल्या कंपनीला एक नियम आणि तुम्हाला दुसरा, असं मी करत नाही."

"बाबा, काल चुकून लिहिलं होतंस," लेक म्हणाली.

"मग आजही तेच लिहायला हवं. चूकसुद्धा सारखी हवी."

बाईने पॅडवर काहीतरी खूण केली. अशी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती.

पांढरी गाडी रस्त्याला लागली आणि वाजायला लागली. मागची मधली खूण, लाल.

मोजपट्टीची कानशिलं तापली. दोन कंपन्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, टीव्हीवर एकमेकींना टोमणे मारणाऱ्या, आणि दोघींचा दोष एकच. म्हणजे सेन्सर एकाच कारखान्यातून उचलतात आणि वर गिऱ्हाइकाला निवड केल्याचं समाधान विकतात. हे तो मोठ्याने म्हणाला, तीन चौक म्हणत राहिला. बाई म्हणाली की आमच्या गाडीत असं कधी झालेलं नाही सर. तो म्हणाला, कालचेही हेच म्हणाले.

परत येऊन गाडी तळघरात लावली, तेव्हा त्याचं लक्ष लेकीच्या खांद्याकडे गेलं.

"तुझा बेल्ट कुठाय?"

"अय्या. सिग्नलला फोन पडला होता खाली, तो उचलायला काढला. राहिलाच."

"कुठल्या सिग्नलला?"

"पहिल्याच."

म्हणजे सहा किलोमीटर लेक बिनबेल्टची बसली होती आणि तिच्यासाठी काही वाजलं नव्हतं. मोजपट्टीने आकृती बघितली. मागची उजवी खूण राखाडी होती. राखाडी म्हणजे रिकामी जागा. त्याने लेकीला उठवलं, बसवलं. पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं. राखाडी. शेजारची मधली, लाल.

त्याचा चेहरा उजळला. अशी चूक सापडली की त्याला जेवल्यासारखं वाटे. "वायरी उलट जोडल्यात. उजवीची मधलीला, मधलीची उजवीला. पोर बसलीय इथे आणि गाडी मोजतेय तिथे. हिला उद्या काही झालं तर एअरबॅगसुद्धा शेजारच्या हवेला वाचवेल."

"असं होऊच शकत नाही सर," बाई म्हणाली, आणि लेकीला उतरवून स्वतः त्या जागेवर बसली. तत्क्षणी उजवी खूण लाल झाली. टिंग. बाई उठली, राखाडी. बसली, लाल. "माझ्यासाठी वाजतंय," ती म्हणाली. मग नीट बसायला म्हणून तिने हात मध्ये टेकवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. सीट गरम आहे."

"उन्हातून आलीय गाडी," मोजपट्टी म्हणाला.

बाई उतरली. बाहेर त्या दिवशी ढग होते, पण वाद घालायची तिची इच्छा नव्हती. निरोप देताना ती जिन्यापर्यंतसुद्धा आली नाही.

वर काचेचा दरवाजा आपोआप उघडायचा होता. लेक पुढे होती. ती दरवाजासमोर उभी राहिली आणि तो मिटलेलाच राहिला. तिने हात हलवले, दोन उड्या मारल्या, स्वतःच हसायला लागली. "मला कोणी भावच देत नाही आज." मोजपट्टी मागून आला आणि काचा दोन्हीकडे सरकल्या. त्याने तक्त्याच्या समासात टिपून ठेवलं: शोरूमचं दारही सदोष.

त्या आठवड्यात त्याने सात पत्रं लिहिली. दोन कंपन्यांना, सेन्सर बनवणाऱ्याला (नाव कळेना म्हणून 'संबंधितांस'), दोन वर्तमानपत्रांना, आणि दोन पुन्हा पहिल्या दोघांना, कारण उत्तरात पुन्हा आनंद झाला होता. त्यांचा सोफा जुना, स्प्रिंगांचा. एका टोकाला कोणी बसलं की दुसऱ्या टोकाचा वर उचलला जाई आणि मध्ये ठेवलेलं पेन घरंगळे. लेक लहान असल्यापासून बापाचं पेन असंच घालवत आली होती. त्या बुधवारी ती येऊन धपकन त्याच्या शेजारी बसली, पाय वर घेऊन, आणि पेन होतं तिथे राहिलं. मोजपट्टी तेव्हा 'बेजबाबदार' आणि 'अक्षम्य' यातला कोणता शब्द आधी घ्यावा या विचारात होता.

"बाबा," लेक म्हणाली, "शनिवारी शेवटची गाडी. त्यानंतर मी ठरवणार. सोमवारी मला हजर व्हायचंय."

"शनिवारी ठरतंच."

"आणि चालवणार मी."

"येताना. जाताना मी, येताना तू. लिहून देतो."

"लिहून नको देऊस. तू लिहिलंस की भीती वाटते मला."

बायको शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही. "या दोन दिवसांत जिन्यात हिची चाहूल लागत नाही मला," ती म्हणाली. "एकदम मागेच उभी असते."

शनिवारी राखाडी गाडी. इथला सेल्समन निवृत्तीला तीन महिने उरलेला, टकला, शांत. गाडी विकली गेली काय न गेली काय, त्याला काही फरक पडत नव्हता, म्हणून मोजपट्टीला तो पहिल्याच भेटीत आवडला. फॉर्मसुद्धा त्याने स्वतःच भरला. मोजपट्टी वाचत होता. नाव, परवाना क्रमांक, वेळ. एकूण प्रवासी: ५.

"पाच कशावरून लिहिलंत?" त्याने विचारलं.

"मोजले की. आत येताना."

"कोण कोण?"

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. मोजपट्टी, बायको, लेक. मग स्वतःच्या छातीला बोट लावलं. बोट तिथेच राहिलं. त्याने पुन्हा दाराकडे बघितलं. "चार का? मला वाटलं..." त्याने पेन उचललं. "दुरुस्त करतो."

मोजपट्टीने क्षणभर तोंड उघडलं. पण पंचवीस वर्षांची सवय आधी बोलली. "असू द्या. खाडाखोड नको."

या खेपेला गाडी वाजली नाही.

पहिले दोन किलोमीटर मोजपट्टी त्या शांततेवर खूश होता. गिअर लोण्यासारखे पडत होते. मग त्याने आकृती बघितली. चार खुणा हिरव्या, मागची उजवी राखाडी. मधलीही हिरवी.

"मधला बेल्ट कोणी लावला?"

म्हातारा डाव्या दाराला गाल टेकवून बाहेर बघत होता. लेक उजव्या दाराशी होती, बापाच्या पाठीमागे, इतकी कडेला की आरशात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. मोजपट्टीने आरसा थोडा कलता केला. मधला बेल्ट तिरका खाली आला होता आणि बकलात गेला होता. पण तो सीटवर पडलेला नव्हता. सीटपासून वीतभर वर, मधल्यामध्ये, किंचित फुगून उभा होता, आणि सावकाश वर-खाली होत होता.

बेल्टची चरखी अडकली असेल, मोजपट्टीने स्वतःला सांगितलं. तिसरी कंपनी. तिसरी. आणि सोमवार परवावर आलेला. या लोकांना कोणी जाब विचारत नाही, म्हणून यांचं फावतं. आज पुरावाच हातात घ्यायचा, छापील, तारीख-वेळेसकट, म्हणजे 'आनंद झाला' म्हणायची सोय राहणार नाही. त्याने ठरलेला रस्ता सोडला.

"अहो, कुठे?" बायको म्हणाली.

"काट्यावर."

भंगाराच्या आवारातला वजनकाटा त्याच्या ओळखीचा होता. चेपलेल्या गाड्या मोडीत काढताना तो इथेच तोलून घ्यायचा. जमिनीसपाट लोखंडी फळी, बाजूला खिडकी, खिडकीत काटेवाला, आणि वर लाल आकड्यांची पाटी. काटा पाच किलोच्या खाली बोलत नसे, पण पाच किलोच्या वर खोटंही बोलत नसे.

"आज धड गाडी आणलीत, साहेब," काटेवाला म्हणाला. "ठोकायच्या आधीच?"

मोजपट्टी हसला नाही. त्याने सगळ्यांना उतरवलं, चारही दारं लावली. पाटीवर ११८० आलं. एक पावती.

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "टाकीतल्या पेट्रोलसकट एवढंच हवं."

"आता चौघं बसू. माझे ऐंशी, हिचे पासष्ट, तुमचे?"

"सत्तर."

"आणि लेकीचे पंचावन्न." नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावर महिन्यापूर्वी ते लिहून आलं होतं, दाखला त्यानेच फाइलला लावला होता.

"मी नाही बसत," लेक म्हणाली. ती खिडकीजवळच्या सावलीत जाऊन उभी राहिली होती, हाताची घडी घालून. "कंटाळा आलाय मला, बाबा. तिथे मला जागाच राहत नाही. मी खोलीच घेते, झालं."

मोजपट्टीच्या पोटात खड्डा पडला. त्याचं माप त्याच्याकडे नव्हतं. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "मग किल्ली तुझ्या हातात. आधी आम्ही तिघं बसतो."

तिघं बसले. दारं लागली. एक, दोन, तीन. मग मागे उजवीकडे, चौथं.

लेक खिडकीजवळच होती.

मोजपट्टीने तोंडी बेरीज केली. अकराशे ऐंशी आणि दोनशे पंधरा. तेराशे पंचाण्णव.

पाटीवर १४५० होतं.

"काटा बिघडलाय तुमचा," त्याने काच खाली करून सांगितलं. आवाज चढला होता. "पंचावन्न जास्त दाखवतोय."

काटेवाल्याला हे लागलं. तो खिडकीमागून बाहेर आला, वीस किलोचं ओतीव वजन घेऊन, आणि त्याने ते फळीच्या कोपऱ्यावर ठेवलं. १४७०. उचललं. १४५०. "बोला," तो म्हणाला.

काटेवाल्याने आत जाऊन दुसरी पावती काढली.

"अहो," बायको म्हणाली. ती समोर बघत होती, मागे नाही. "घरी चला."

"एकच राहिलंय. ती बसली की चौदाशे पन्नासचे पंधराशे पाच झाले पाहिजेत. मग या लोकांना पळायला जागा नाही."

"नका तिला बसवू."

"तुलना पूर्ण होऊ दे. अर्धवट कागद मी देत नाही."

त्याने लेकीला हाक मारली. ती आली, कारण ती शहाणी मुलगी होती आणि बापाला पाच मिनिटं द्यायचं तिने कबूल केलं होतं. लोखंडी फळीवर सगळ्यांची पावलं वाजली होती. तिची वाजली नाहीत.

तिने दार उघडलं. "जरा सरका ना," ती आत कोणाला तरी म्हणाली, आणि म्हातारा आहे तिथून हलला नाही. ती बसली. दार लागलं.

मोजपट्टीने पाटीकडे बघितलं.

१४५०.

तो थांबला. आकडे कधीकधी उशिरा बदलतात. कावळा येऊन पाटीवर बसला आणि गेला. आकडे तेच.

"नीट बस," तो म्हणाला.

"नीटच बसलेय."

"पाय वर घे. आता खाली टेक. जोरात."

तिने पाय टेकले असावेत. १४५०.

शेजारी बायकोने तोंडाला पदर लावला होता. मागे म्हाताऱ्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा, एक ते पाच.

काटेवाला खिडकीतून वाकला. मोजपट्टीने पाकिटातून तीन वजनांचे पैसे काढून पुढे केले, सुटे, मोजून. काटेवाल्याने त्यातले दोन वजनांचे घेतले आणि उरलेले परत सरकवले.

"तिसऱ्याचं राहू द्या, साहेब. नवीन काही चढलंच नाही."

मोजपट्टीने हुज्जत घातली नाही. दोन पावत्या घेतल्या, घडी केल्या, खिशात ठेवल्या.

"झालं ना, बाबा?" लेकीने मागून विचारलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो त्याला आरशात दिसला, म्हणून कळला.